शहराचं गणित शिकवणारा रविवारचा क्लास: पाच रविवार, साडेसहा हजार रुपये आणि मागचं दार

सुरुवातीलाच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला याच गावात, म्हणजे नाशिकात, धंदा करायचाय, उद्या कोण कुठल्या टेबलाशी भेटेल सांगता येत नाही. ज्यांना खरंच जायचंय ते शोधून काढतीलच.

मी कोण ते थोडक्यात. सिव्हिल डिप्लोमा, बरीच वर्षं दुसऱ्यांकडे ड्राफ्टिंग, आता स्वतःचं छोटं ऑफिस, हाताखाली दोन पोरं. काम म्हणजे लेआउट, सबमिशन ड्रॉइंग, साईड मार्जिन (प्लॉटच्या कडेने सोडायची जागा) सुटली का, पार्किंग बसतंय का, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते) किती उरला, टीडीआर (विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) किती लागेल. म्हणजे गणित रोजचंच, पण सगळं प्लॉटच्या कंपाउंडच्या आतलं. कंपाउंडच्या बाहेरचा रस्ता नऊ मीटर आहे की बारा, एवढंच आमचं त्याच्याशी नातं. त्या रस्त्यावरून कोण जातं, का जातं, शेजारच्या गल्लीतून का जात नाही, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. मग एका आर्किटेक्ट मित्राने मेसेज टाकला की गंगापूर रोडला पाच रविवारचा क्लास आहे, नगररचनेतलं गणित, ग्राफ थिअरी, स्पेस सिंटॅक्स वगैरे, येतोस का. फी साडेसहा हजार. बायको म्हणाली रविवारी घरी बसून तरी काय करता, जा. गेलो.

पहिली तक्रार लगेच. वेळ सकाळी दहाची दिलेली आणि पाचपैकी चार रविवार सुरुवात झाली पावणेअकराला. तिसरा मजला, लिफ्ट बंद, खाली टू-व्हीलर लावायला जागा नाही. शहराच्या हालचालीचं शास्त्र शिकवणाऱ्यांनी पार्किंगचा विचार करू नये याला काय म्हणावं. चहा मशीनचा, तोही कोमट. पण शिकवणारे सर चांगले, अगदी मनापासून चांगले. वयस्कर, आवाज बारीक, आणि फळ्यावर हाताने काढून दाखवणारे, त्यामुळे बाकीचं आपण विसरतो. सोबत एक तरुण मॅडम होत्या, लॅपटॉपचं सगळं त्यांच्याकडे.

पहिला रविवार पुलांचा. सरांनी फळ्यावर क्योनिग्सबर्ग काढलं, प्रेगेल नदी, मधे बेट, सात पूल, आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का हा तिथल्या लोकांचा जुना खेळ. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ मध्ये सिद्ध केलं की नाही जमणार, कारण जमिनीचे चार तुकडे आणि चारहींना विषम संख्येने पूल लागलेले, एकाला पाच आणि बाकी तिघांना तीन-तीन. असं फिरायचं तर विषमवाले तुकडे फार तर दोनच चालतात, जिथून निघालो तो आणि जिथे थांबलो तो. रस्त्याची लांबी, पुलाची रुंदी, घाट कुठे आहे, सगळं सोडून फक्त कोण कोणाला जोडलंय एवढंच बघायचं, आणि तिथूनच ग्राफ थिअरी सुरू झाली म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मजा पुढे आली. सर म्हणाले आता गोदावरीचं करा.

सगळे कागद घेऊन बसले, होळकर पूल, गाडगे महाराज पूल, रामवाडीचा, कन्नमवार, असे मोजायला लागले आणि पूल किती धरायचे यावरच भांडण. हायवेचे दोन वेगळे पूल धरायचे की एक, ती सांडव्यासारखी बुटकी वाट धरायची की नाही. मी पण त्यातच. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, कितीही धरले तरी जमणारच ना? आणि बरोबर होतं तिचं! नदी एकच, म्हणजे जमिनीचे तुकडे दोनच, इकडचं नाशिक आणि तिकडची पंचवटी. दोन्हीला पुलांची संख्या तीच. सम असेल तर फिरून निघाल्या काठाला परत, विषम असेल तर पलीकडच्या काठावर संपणार, पण जमणार नक्की. पूल मोजायची गरजच नव्हती. मी इथे प्लॅन पास करण्यात आयुष्य घालवलेला माणूस, पंधरा मिनिटं पूल मोजत बसलो होतो. वाघाडी आणि नासर्डी या नद्या त्यात घेतल्या की तुकडे वाढतात आणि मग खरं कोडं होतं, ते घरी करून आणायला दिलं. माझं अजून सुटलेलं नाही.

दुसरा रविवार माझ्यासाठी पैसे वसूल. दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांचं १९६० च्या दशकातलं काम. चौकोनात चौकोन काढायचा असा की आतल्या चौकोनाचं क्षेत्रफळ आणि बाहेर उरलेल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ सारखं. पट्टा बघितला तर अगदी बारीक दिसतो, डोळा मानायलाच तयार होत नाही की हे दोन्ही सारखे आहेत. सर म्हणाले तुमच्या रोजच्या प्लॉटवर करून बघा. वीस बाय वीस मीटरचा प्लॉट घ्या, चारी बाजूंनी तीन मीटर सोडा, आत उरले चौदा बाय चौदा, म्हणजे १९६ चौरस मीटर. प्लॉट ४०० चा. म्हणजे सोडलेली जागा २०४! बांधायच्या जागेपेक्षा सोडलेली जास्त. हा हिशोब मी हजार वेळा केलाय, पण नेहमी आत किती उरलं तेवढंच बघितलं, बाहेर किती गेलं ते कधी बघितलंच नव्हतं. आता हेच उलटं करा, कडेकडेने तीन मीटरची रांग बांधा आणि मधे मोकळं सोडा, तर जवळपास तेवढंच बांधकाम होतं आणि मधे चौदा बाय चौदाचा अख्खा चौक मिळतो. म्हणजे वाडा. मार्टिन-मार्च यांचं म्हणणं साधारण हेच होतं की उंच टॉवर म्हणजे जमीन वाचली असं डोळे झाकून धरू नका, अंगणाभोवतीची बांधणी जमीन जास्त चांगली वापरते. आता कोणी म्हणेल मग आगीचा बंब कुठून फिरवणार, बाहेरच्या खोल्यांना उजेड शेजाऱ्याच्या भिंतीतून येणार का. मान्य. नियम उगाच झालेले नाहीत. पण सोडलेल्या जागेचं आपण काय करतो, तर बोअरची मोटर, सेप्टिक टँक आणि जुन्या कुंड्या.

दुसरी गोष्ट, घराचा ग्राफ. बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे, यांनी १९८४ च्या पुस्तकात मांडलेली पद्धत, हीच ती स्पेस सिंटॅक्स. प्रत्येक खोली म्हणजे एक गोल, प्रत्येक दार म्हणजे एक रेघ. रस्ता सगळ्यात खाली काढायचा, एका दारातून आत गेलं की एक पायरी वर, अजून एक दार की अजून वर. खोली मोठी की लहान याला अर्थ नाही, किती दारं ओलांडली एवढंच. मग सगळ्या खोल्यांच्या पायऱ्यांची सरासरी काढायची, ती त्या घराची खोली. (खोली म्हणजे रूम नाही, डेप्थ. मराठीत शब्द एकच, सरांनी यावर विनोद पण केला.)

मी आधी माझा इंदिरानगरचा फ्लॅट काढला. हॉल १, किचन २, पॅसेज २, बाल्कनी २, दोन बेडरूम ३-३, टॉयलेट ३. बेरीज १६, भागिले ७, आले २.२९. मग आठवून आठवून आमचा तिवंध्याजवळचा जुना वाडा काढला, आजोबांचा. देवडी १, चौक २, ओसरी ३, माजघर ४, मग माजघरातून स्वयंपाकघर ५, देवघर ५, बाळंतिणीची खोली ५, आणि स्वयंपाकघराच्या मागे परस ६. बेरीज ३१, भागिले ८, म्हणजे ३.८८. मी खूश, वाडा म्हणजे कसं खोल घर, मान, मर्यादा, परका माणूस ओसरीच्या पुढे नाही वगैरे भाषण माझं मनात तयार. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, परसातून बाहेर जायला दार नव्हतं?

होतं ना. मागच्या बोळात उघडायचं. मी काढलंच नव्हतं.

ते एक दार काढलं आणि सगळं फिरलं. परस ६ वरून थेट १ वर, स्वयंपाकघर ५ वरून २, माजघर ३, देवघर आणि बाळंतिणीची खोली ४. बेरीज ३१ वरून २०, सरासरी २.५. म्हणजे जवळपास माझ्या फ्लॅटएवढीच. फरक एवढा की फ्लॅट म्हणजे झाड, एका हॉलला सगळ्या फांद्या, हॉलमध्ये पाहुणे बसले की किचनमधल्या माणसाला बाहेर पडायचं तर त्यांच्यासमोरूनच. वाड्यात मात्र गोल, पुढून आत मागून बाहेर. पुढच्या दाराने येणाऱ्याला स्वयंपाकघर सगळ्यात लांबच्या टोकाला आणि मागच्या दाराने येणाऱ्याला सगळ्यात जवळ, घर तेच, खोल्या त्याच. संध्याकाळी आईला फोन केला, म्हटलं आपल्या मागच्या दाराने कोण कोण यायचं गं. ती म्हणाली, पुढच्या दाराने कोण यायचं ते विचार, तेच मोजके होते. मग भाजीवाली, बोहारीण, शेजारच्या काकू, आत्या माहेरी आली की ती पण, अशी यादी सुरू झाली ती संपेचना.

तो वाडा आता नाही. त्या जागेवरच्या बिल्डिंगचा प्लॅन मीच पास करून घेतलाय, खाली स्टिल्ट पार्किंग, मागे नियमाप्रमाणे मार्जिन आणि बोळाच्या बाजूने सहा फुटी भिंत. असो.

तिसऱ्या रविवारी तेच सगळं गावाला लावायचं. खोल्यांच्या जागी रस्ते. नकाशावर जिथपर्यंत सरळ नजर जाते तेवढी लांबात लांब रेघ मारायची, त्याला अ‍ॅक्सियल लाइन म्हणतात, आणि कमीत कमी रेघांत सगळं गाव झाकायचं. मग सॉफ्टवेअर दोन मुख्य गोष्टी सांगतं. एक इंटिग्रेशन, म्हणजे या रेघेवरून गावातल्या बाकी सगळ्या रेघांवर किती कमी वळणांत पोचता येतं. दुसरं चॉइस, म्हणजे बाकीच्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ही रेघ किती वेळा येते. एक जवळ असण्याचं माप, दुसरं मधे येण्याचं. आमचे एक नातेवाईक आहेत, जवळचे अजिबात नाहीत पण प्रत्येक लग्नात मधे असतातच, चॉइस म्हणजे तसं.

सॉफ्टवेअर दोन, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि या रेघांच्या गणितासाठी डेप्थमॅपएक्स, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. डेप्थमॅप मूळ अ‍ॅलस्डेर टर्नर यांनी लंडनला लिहिलेलं. ऑटोकॅड येणाऱ्याला अवघड नाही, डीएक्सएफ फाइल घेतं, मी ऑफिसातल्या लेयरवर रेघा मारूनच नेल्या होत्या. दिसायला जुनाट, बटणं बारीक, पण माझ्या सात वर्षांच्या लॅपटॉपवर चाललं. बटण दाबलं की गाव रंगतं, लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. आणि इथेच धोका आहे, कारण ते इतकं सुंदर दिसतं की माणूस विचार करायचं बंद करतो. आमच्या बॅचचा निम्मा वेळ स्क्रीनशॉट स्टेटसला टाकण्यात गेला.

मॅडमनी मग एक छान खोड काढली. आम्ही सगळ्यांनी जुनं नाशिक गोदावरीच्या काठाशी कापलं होतं, नदी आली की नकाशा संपला. त्यात काठाकडच्या गल्ल्या सगळ्या निळ्या, म्हणजे मेलेल्या. मॅडम म्हणाल्या आता पंचवटी जोडा. जोडली, परत बटण दाबलं, आणि होळकर पूल लाल होऊन उठला, त्याला लागलेले रस्ते पण. गाव तेच, आम्ही कात्री कुठे लावली एवढाच फरक. कडेचे आकडे खोटे येतात म्हणून ज्या भागाचा अभ्यास करायचा त्याच्या बरंच बाहेरपर्यंत नकाशा घ्यायचा असतो, हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर आम्ही विसरलो असतो.

हाच प्रकार लोकसंख्येत पण. झिफचा नियम म्हणून आहे, दुसऱ्या नंबरचं शहर पहिल्याच्या निम्मं, तिसरं एक तृतीयांश, असं उतरत जातं म्हणे. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिका सुमारे १ कोटी २४ लाख, नाशिक १४ लाख ८६ हजार. पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड नंतर नाशिक सहावं, म्हणजे नियमाने असायला हवं २० लाख ७० हजार. बऱ्यापैकी जवळ आहोत असं वाटतं. आता तीच जनगणना पण हद्द सोडून नागरी समूह घ्या, ठाणे मुंबईत गेलं, पिंपरी पुण्यात गेलं, नाशिक चौथ्या नंबरवर चढलं. मुंबई १ कोटी ८४ लाख, भागिले चार, ४६ लाख हवेत आणि आहेत १५ लाख ६२ हजार. नंबर चढला आणि नापास झालो. आमच्या सासऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले म्हणजे नाशिकवर अन्याय झालाय ना, आणि पेपरला पत्र लिहायला बसले.

चौथा रविवार बाहेर. हा दिवस नसता तर मी या क्लासला साडेतीनच स्टार दिले असते. सकाळी सातला जुन्या गावातल्या रविवार कारंजा चौकात जमायचं (त्या दिवशी मात्र सगळे वेळेत, सर पण), दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला ठरलेली ठिकाणं, मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल, तिवंधा, मधले बोळ. पद्धत एकदम साधी, रस्त्यावर एक काल्पनिक रेघ धरायची, या शटरपासून त्या खांबापर्यंत, आणि पाच मिनिटं ती रेघ ओलांडणारा प्रत्येक पायी माणूस मोजायचा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. बारा ने गुणलं की ताशी आकडा. गाड्या वेगळ्या. कडेवरचं मूल मोजायचं का? मोजायचं. माणूस गेला आणि परत आला तर? दोनदा. थांबून गप्पा मारणारा? रेघ ओलांडली नाही तर नाही.

माझी जोडीदार आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, मला काका म्हणणारी. आम्ही पाटी-कागद घेऊन उभे राहिलो तोच समोरचा दुकानदार बाहेर आला. काय ओ साहेब, रुंदीकरण का? म्हटलं नाही हो, क्लासचं आहे. या वयात? म्हटलं हो. तरी त्याने बाहेर मांडलेले दोन स्टूल आत घेतले. पुढच्या ठिकाणी पण तेच, कागद दिसला की ओटा झाडायला लागतात. म्हणजे आम्ही मोजायला उभे राहिलो की रस्ता बदलतो, हे कुठल्या फॉर्म्युल्यात धरायचं कोणास ठाऊक.

आता मुख्य. नकाशावर काठाकडून वर गावात जाणारी एक वाट चांगली केशरी आली होती, सरळ, लांब, कमी वळणांची. तिथे आम्ही पाच मिनिटं उभे आणि कागद जवळपास कोरा. शेजारची वाकडीतिकडी बोळातली वाट, नकाशात निळी, तिथे मात्र माणसांची रीघ. आम्ही परत मोजलं, तेच. मग एक आजी पिशवी घेऊन बोळातून वर येत होत्या, त्यांनाच विचारलं की आजी, ती सरळ वाट सोडून इकडून का? त्या थांबल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, तिकडनं कोण चढतंय बाबा, गुडघे नकोत का.

जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय हे शाळेतल्या पोराला माहितीये, नऊ शिखरांवरून नाव पडलं असंही सांगतात. आणि आमचा नकाशा सपाट. अठरा जणांच्या बॅचमध्ये कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्या पण नाही आणि मी तिथेच वाढलो. सरांना जाऊन सांगितलं तर ते हसले, त्यांना अर्थातच माहीत होतं. म्हणाले कार्लो रॅट्टी नावाच्या माणसाने २००४ मध्येच या पद्धतीवर आक्षेप घेतलेत, की इमारतींची उंची नाही, कुठे दुकान कुठे घर याचा विचार नाही, रस्त्यांची रचना जरा इकडची तिकडे केली की आकडे उड्या मारतात, आणि हिलियर मंडळींनी त्याला उत्तरं पण दिलीत. भांडण अजून चालू आहे. पण हीच पद्धत वापरून लंडनच्या ट्रफाल्गर चौकाचं काम झालं, लोक चौकाच्या मधून न जाता कडेने का जातात ते मोजून काढलं आणि २००३ मध्ये उत्तरेकडचा रस्ता गाड्यांना बंद करून मधे रुंद पायऱ्या केल्या. म्हणजे पद्धत चालते. फक्त नकाशा रंगवून घरी बसलं तर नाही चालत, आजींना विचारावं लागतं.

बाकी बहुतेक ठिकाणी, मेन रोडला वगैरे, नकाशा आणि आमचे कागद बऱ्यापैकी जुळले, ते पण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

पाचवा रविवार गर्दीचा, २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर असल्यामुळे सगळे जरा गंभीर. सरांनी काही न बोलता फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढला आणि एकेकाला आत बोलावलं. चार जण आरामात, गप्पा चालू. पाच झाले, गप्पा कमी. सहाव्याला आत घेताना सगळ्यांनी खांदे तिरके केले. सातवा मी. हात खाली होते ते वर काढता येईनात, मागच्याचा श्वास मानेवर, आणि एकाने जरा वजन बदललं तर सातही जण हलले, आपोआप, कोणी ठरवून नाही. सर म्हणाले, जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने लिहिलंय की चौरस मीटरला साधारण सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, मग आत कोणाच्या हातात काही राहत नाही. २७ ऑगस्ट २००३ चा विषय त्यांनी काढला, रामकुंडाकडच्या अरुंद उताराच्या वाटेवर ३९ माणसं गेली ते. माझं त्या दिवशीचं जे आठवतं ते इथे लिहीत नाही. खोलीत कोणी काही बोललं नाही, मशीनचा चहा पण कोणी घेतला नाही.

मग एक साधं सूत्र दिलं, लिटलचा नियम, आत असलेली माणसं बरोबर दर मिनिटाला येणारी गुणिले प्रत्येकजण थांबतो ती मिनिटं. उदाहरण म्हणून घाटावर एका वेळी ५००० माणसं नीट मावतात धरलं आणि प्रत्येकाला दहा मिनिटं लागतात, तर मिनिटाला ५०० च्या वर सोडायची नाहीत. थांबायची वेळ दहाची पंधरा झाली, नुसता एक सेल्फी आणि एक फोन, की ५०० सोडत राहिलं तर आत ७५००. गेटवर काहीच बदललेलं नसतं, आणि आत सगळं बदललेलं असतं. एवढं साधं गणित सहावीतल्या पोराला जमेल.

ब्रेसचा विरोधाभास पण झाला, पण घाईत. जर्मन गणितज्ञ, १९६८. ४००० गाड्या, दोन वाटा, प्रत्येक वाटेत एक टप्पा गर्दीवर चालणारा (गाड्या भागिले शंभर मिनिटं) आणि एक टप्पा पक्का ४५ मिनिटांचा. निम्म्या इकडून निम्म्या तिकडून, २० अधिक ४५, सगळ्यांना ६५ मिनिटं. आता मधे एक शून्य मिनिटाचा शॉर्टकट बांधला तर प्रत्येकजण दोन्ही गर्दीवाले टप्पे धरून त्यातून घुसतो, ४० अधिक ४०, सगळ्यांना ८०. नवा रस्ता बांधून पंधरा मिनिटं तोटा, आणि एकट्याने जुन्या वाटेने जावं तर त्याला ८५. लगेच एकाने विचारलं मग आपल्या द्वारका चौकात तेच झालंय का. सरांनी सरळ सांगितलं की तसं म्हणायला तिथली मोजणी लागेल, ती माझ्याकडे नाही. मला हे आवडलं. दुसरा कोणी असता तर टाळ्या घेऊन मोकळा झाला असता.

आता उरलेल्या तक्रारी एकदम. रिग्रेशन, म्हणजे आपल्या मोजणीचे आकडे आणि नकाशाचे आकडे जुळतात का ते तपासायचं गणित, शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. आर-स्क्वेअर (जुळणी किती ते सांगणारा आकडा) म्हणजे काय ते निम्म्यांना कळलं नाही, आणि ज्यांना कळलं ते म्हणत होते की आठ-दहा ठिकाणांच्या, एकाच रविवारच्या, एकाच सकाळच्या मोजणीवर हे काढायचंच कशाला. बरोबर आहे त्यांचं. रविवारी सात वाजताचं मेन रोड आणि सोमवारी संध्याकाळचं मेन रोड ही दोन वेगळी गावं आहेत. एक रविवार वाढवा आणि एक वार मधला घ्या. नोट्स सगळ्या इंग्रजीत, सर मराठीत इतकं झकास बोलतात तर निदान आठ पानं मराठीत द्यायला काय हरकत होती. क्रिस्टोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टवर अख्खा तास गेला, १९६५ चा शहर म्हणजे झाड नव्हे हा लेख आणि गुजरातच्या एका खेड्यासाठी त्याने काढलेल्या १४१ गरजा, विषय भारी पण त्याला हाताने करायचं काही दिलं नाही, नुसतं ऐकायचं, तिथे मी जेवणाआधी दोनदा पेंगलो. आणि सर्टिफिकेटचे पाचशे वेगळे! हे जाहिरातीत नव्हतं. मी घेतलं नाही.

कोणी जावं? आर्किटेक्चरच्या पोरांनी नक्की, माझ्यासारख्या प्लॅनवाल्यांनी तर नक्कीच. बारावीचं गणित आठवत नसेल तरी चालतं, भागाकार आला म्हणजे झालं. नोकरीत याने पगार वाढेल म्हणून जाणार असाल तर नका जाऊ, माझं एकही सबमिशन यामुळे लवकर पास झालेलं नाही. बदल एवढाच झालाय की परवा एक बंगल्याचा प्लॅन करताना मी क्लायंटला विचारलं, किचनमधून मागे दार देऊ का. तो म्हणाला कशाला, सेफ्टीचा प्रॉब्लेम. त्याची आई सोबत आली होती, ती म्हणाली, दे. दिलंय.

साडेतीन स्टार, चौथ्या रविवारसाठी अर्धा वाढवून चार. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं ऐकतोय. जाताना टोपी, पाण्याची बाटली आणि दोन पेन न्या, मोजताना एक बंद पडतंच. गाडी लांब लावा. आणि फी भरताना पावती मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.